अब्बांच्या नावाची माशी

राजापेठ, अमरावती
९ नोव्हेंबर २००६

अब्बांना सईदाचा सलाम.

गुडघा कसा आहे? कबुतरं किती राहिली? फोनवर तुम्ही बोलत नाही, म्हणून लिहितेय. मराठी शाळेत तुम्हीच घातलंत, तेव्हा आता चष्मा लावा आणि मराठीतच वाचा.

इथं सगळं ठीक. घरमालकीण मनकर्णाबाई रोज विचारतात, "गावोगाव लोकं जीव देऊन राहिले, अन तू काहून माश्या पकडून राहिली?" मी म्हणते, इथलं मेलेलं सगळेच लिहितात, जिवंत काय आहे तेही कुणी लिहायला पाहिजे. त्यांना पटत नाही. न पटो.

तर बातमी अशी. सेमाडोहच्या जंगलात वनखात्याच्या परवानगीनं एक पिंगळा धरला होता. त्याच्या पिसांत रक्त पिणारी एक चपटी माशी सापडली, पंखांवर ठिपके असलेली. ती कुठल्याच पुस्तकात नाही. बाहेरच्या जाणकारांनी तपासून तसं कळवलंय. नवीन जात आहे, अब्बा, आणि ती मला सापडली.

मला म्हणजे, तुमच्या अकलेनं. वर्षभर मी फवारणीनं मेलेली पाखरं कपाशीतून गोळा करत होते आणि एक माशी मिळेना. तुम्ही म्हणालात, "मेल्यावर माशी कायले थांबते? जित्तं पाखरू पांढऱ्या फडक्यात धर, पंखाखाली बिडीचा धूर सोड, आपोआप फडक्यावर येते." आणि मी पाहुण्यांसमोर तुम्हाला म्हटलं, हे शास्त्र आहे, कबुतरबाजी नाही. तेव्हापासून तुम्ही बोलला नाहीत.

पुढचं लिहायची लाज वाटते, पण लिहिते. सेमाडोहला मी तुमचीच रीत वापरली. फडकं, बिडी, सगळं. आणि नागपूरच्या परिषदेत सांगितलं की ही रीत मी शोधली. टाळ्याही घेतल्या.

आता माझे मार्गदर्शक सर म्हणतात, माशीला संस्थेच्या अध्यक्षांचं नाव देऊ आणि रीत आपल्या विभागाची लिहू, ती इथं शोधल्याचं तूच तर परिषदेत सांगितलं होतंस. ऐकलं नाहीस तर पीएच.डी. विसर, असंही म्हणाले.

मी नाही म्हटलं. शोधनिबंध कालच माझा मी छापायला पाठवून दिला, तुमच्या नावासकट. सोमवारी विभागाच्या बैठकीत उभी राहून सांगणार आहे की मी खोटं बोलले होते, रीत अकोल्याच्या जठारपेठेतल्या गयासुद्दीन कबुतरवाल्यांची आहे आणि माशीला नाव त्यांचंच लागेल. पीएच.डी. गेली तर गेली. भीती वाटते, नाही कशाला म्हणू, पण मागे फिरायची नाही.

रक्त पिणाऱ्या माशीला बापाचं नाव दिलं म्हणून अख्खी जठारपेठ हसेल. हसू दे. तुम्हीही चिडाल. खुशाल चिडा, नाव मी बदलणार नाही. माफी मात्र मागते, आणि त्याच पाहुण्यांना बोलावलंत तर त्यांच्यासमोरही मागेन.

सोमवारी चारचौघांत खोटी ठरायला निघालेली,
तुमचीच लेक,
सईदा