नाकाला रुमाल

३ फेब्रुवारी, सोमवार

नवी तक्रार. आठवी ब मधली मुलगी वर्गात शिरली की बाकीच्या मुली नाकाला रुमाल लावतात. तिची आई त्याच शाळेतले संडास साफ करते — म्हणून. शेजारी कुणी बसत नाही. डबा एकटीच खाते. तक्रार तिनं केलेली नाही, तिच्या आईनंही नाही. शाळेच्या ग्रंथपालांनी केली. मुलगी मधल्या सुट्टीत रोज वाचनालयात येते आणि पुस्तक न उघडता नुसती बसते, म्हणून त्यांनी खोदून खोदून विचारलं.

जिल्ह्यातल्या सगळ्या सरकारी शाळांतल्या छळाच्या, भेदभावाच्या तक्रारी माझ्याच टेबलावर येतात. टेबल एक, मी एक. मदतनीस मागून मागून तोंड दुखलं.

त्यातल्या त्यात बरं एवढंच, की त्या वर्गाची वर्गशिक्षिका म्हणजे आमची रेडिओ. प्रशिक्षणाच्या दिवसांपासूनची मैत्रीण. एकदा सुरू झाली की बंद होत नाही, म्हणून हे नाव. निदान एक माणूस तरी आपलं.

४ फेब्रुवारी

शाळेत गेले. मुख्याध्यापक म्हणाले, "मुलंच ती, मस्करी करायचीच. तुम्ही फार मनावर घेता." मग जरा गोड आवाजात — "मुलीलाच दुसऱ्या शाळेत हलवू या ना. तिच्याच भल्यासाठी."

म्हटलं, "त्रास तिनं सोसायचा आणि शाळाही तिनंच सोडायची?" त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

मुलीला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. रेडिओ येऊन माझ्या शेजारी बसली, मुलीला धीर द्यायला. पण आधी मलाच म्हणाली, "अगं, तू आधी चहा घे बघू, चेहरा केवढा उतरलाय तुझा." मी म्हटलं, "तू नसतीस ना, तर या शाळेत पाऊल टाकायचा धीर झाला नसता मला."

मुलगी उभीच होती. बस म्हटलं तेव्हा खुर्चीच्या कडेला टेकली. कोण करतं असं? "सगळ्याच." सुरुवात कुणी केली? तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग फरशीकडे. सबंध वाक्य एवढंच बोलली: "आईला सांगू नका. ती काम सोडेल."

६ फेब्रुवारी

आईला सांगावं लागलं. पालकांना कळवल्याशिवाय चौकशी पुढे सरकत नाही. ती ओल्या हातांनीच आली, पदराला हात पुसत राहिली, बसली नाही. सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, चिडली नाही. म्हणाली, "मी वेळ बदलून घेऊ का बाई? शाळा सुटल्यावर येत जाईन. मग पोरींना दिसणारच नाही मी."

"तुम्ही काहीही बदलायचं नाही," म्हटलं. पण त्या आवाजात माझा मलाच जोर वाटला नाही.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "दुपारी जेवलीस का?" आठवेना.

१० फेब्रुवारी, सोमवार

चौकशी झाली. मी, मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षिका म्हणून रेडिओ. तिनंच नाव सांगितलं — बास्केटबॉल खेळणारी उंच मुलगी. "तीच पुढारी. बाकीच्या मेंढरं." उंच मुलीनं नाकारलं नाही. नखं कुरतडत उभी राहिली. तिला दोन आठवडे वर्गाबाहेर बसवायचं ठरलं. तिचे वडील म्हणाले, "माझीच पोरगी सापडली होय तुम्हाला?" त्यांना काय, सगळेच असं म्हणतात.

मुख्याध्यापक खूश — प्रकरण मिटलं. रेडिओ फाटकापर्यंत सोडायला आली. खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "सुटलीस गं बाई."

११ फेब्रुवारी

अंगात त्राण नाही. काही लिहावंसं वाटत नाही.

१३ फेब्रुवारी

शिक्षकांपुढे माझं भाषण, 'भेदभाव कसा ओळखावा'. तेच मुद्दे, त्याच जांभया. मागच्या रांगेत दोघं चक्क वह्या तपासत होते. रेडिओ पहिल्या रांगेत, माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत. तिच्याकडे बघूनच भाषण संपवलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

उंच मुलगी आणि तिचे वडील माझ्या ऑफिसात. भांडायला आले असतील म्हणून मी कंबर कसून बसले. वडील म्हणाले, "शिक्षा कमी करा म्हणत नाही. पण हिचं एकदा ऐकून तरी घ्या."

मुलगी म्हणाली, "मी केलं, खोटं नाही बोलत. पण आधी बाई करायच्या. ती वर्गात आली की म्हणायच्या, खिडक्या उघडा गं, वास सुटला. सगळ्या हसायच्या. मग आम्ही रुमाल काढायला लागलो."

कुठल्या बाई, ते विचारायची गरज नव्हती. तरी विचारलं. उत्तर आल्यावर पेनाला टोपण लावत बसले. बसेचना.

दुपारी शाळेत जाऊन आणखी काही मुलींना एकेकटीला विचारलं. तेच. शब्दसुद्धा तेच.

१८ फेब्रुवारी

रेडिओचाच फोन आला. बातमी पोचली होती. "अगं, गंमत होती ती. पोरींना जरा हसवायचं म्हणून. आणि वास यायचाच की. तुला काय कळणार, तू ऑफिसात बसतेस." मग ती थांबली. इतक्या वर्षांत रेडिओ आपणहून बंद पडलेली पहिल्यांदा ऐकली.

"माझं नाव लिहिणारेस तू?"

"हो."

लिहिलं. चौकशी संपेपर्यंत तिच्याकडून वर्ग काढून घ्यावा. ती माझी जवळची मैत्रीण आहे, तेव्हा पुढची चौकशी दुसऱ्या कुणाकडे द्यावी, हेही लिहिलं. उंच मुलीला वर्गात परत घ्यायला सांगितलं. तिनं त्या मुलीची माफी मागायची आहे, ती सुटलेली नाही.

ह्यांनी विचारलं, "आता ती बोलेल तुझ्याशी?" म्हटलं, नाही.

२० फेब्रुवारी

मुलीला वाचनालयात भेटले. एकटीला. विचारलं, "बाईंचं त्या दिवशीच मला का नाही सांगितलंस?"

म्हणाली, "तुम्ही दोघी एकमेकींना अगं-तुगं करत होतात."