लाल बटणाची बदली

५ जानेवारी २०२५
कॅमेरा आला. मिररलेस. निमित्त भाविकाच्या लग्नाचं. किशोरी म्हणाली, निमित्त लेकीचं आणि हौस तुमची. बायको म्हणून तेवढं बोलू दिलं.

खोकं उघडताच पहिला निश्चय: ऑटो मोडला हात लावणार नाही. ऑटो म्हणजे दुसऱ्याच्या हाताने जेवणं. डायलवरच्या ऑटोवर चिकटपट्टी लावून टाकली. ज्या माणसाने न्हावा शेव्याला तीस वर्षं कंटेनरची कागदपत्रं सांभाळली आणि एकही कंटेनर चुकीच्या जहाजावर जाऊ दिला नाही, त्याला कॅमेऱ्याने शहाणपण शिकवू नये. (एक डर्बनला गेला होता. तेव्हा मी रजेवर होतो.)

८ जानेवारी
युट्यूबवरचा माणूस सांगतो, कंपनी बटणं कुठेही लावते, खरा फोटोग्राफर ती आपल्या हाताप्रमाणे लावून घेतो. पटलं. नोकरीत कुणाची बदली करायचा अधिकार मिळाला नाही. आज दुपारी एका बैठकीत सहा बदल्या केल्या.

सी-वन ते सी-फोर ही हवं ते काम द्यायची मोकळी बटणं. सी-वनवर फोकसची चौकट. सी-टूवर व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग खरे दिसायची सोय. फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणाला दिला. लाल रेकॉर्ड बटण अगदी अडचणीत बसवलंय, तिथे बोटच पोचत नाही. त्याचं काम काढून घेतलं आणि रेकॉर्डिंग मागच्या सी-थ्रीवर, ऐन अंगठ्याखाली आणलं. लाल बटणाला आता काहीच काम नाही. बसून पगार खाणारे आमच्या ऑफिसातही होते.

१४ जानेवारी, संक्रांत
कोणत्या बटणावर काय, हे आठवेना. आठवेना म्हणजे मला येत होतं, अंगठ्याला येत नव्हतं. उपाय काढला: किशोरीच्या टिकल्या. सी-वनला मरून, सी-टूला हिरवी, सी-थ्रीला चंद्रकोर. अंधारातसुद्धा चाचपून कळेल.

तिळगूळ द्यायला शेजारच्या वल्लरीवहिनी आल्या. त्यांचा आणि किशोरीचा फोटो काढायला गेलो. बराच वेळ दोघी वाटी धरून हसत उभ्या होत्या. शेवटी हसणं संपलं. वहिनी गेल्यावर किशोरीने सांगितलं की चंद्रकोर माझ्या गालाला चिकटलेली होती आणि वहिनी त्यालाच हसत होत्या.

टिकल्या रद्द. गोंद हलक्या प्रतीचा.

१९ जानेवारी
गावी गेलो. सखूआत्याला आमंत्रण. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, आणि आमच्या गावची शेवटची धवलारीण. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर, आधी धवलारीण. तिने धवला, म्हणजे लग्नविधीचं गाणं, गायल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. निदान लागत नसे. आता मांडवात डीजे आधी येतो आणि धवलारणीला कुणी बोलावत नाही. आत्याला सगळा धवला तोंडपाठ. कुठे लिहिलेला नाही, पुढे कुणी शिकलेली नाही, आणि गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर तिला बोलतानाही धाप लागते.

तरी म्हणाली, भाविकाच्या हळदीला मी गानार. मंग नाय गानार.

परत येताना गाडीत भाविका म्हणाली, बाबा, तुमच्याकडे एकच मागणं. आत्याआजीचा धवला पहिल्यापासून शेवटपर्यंत रेकॉर्ड करा. बाकी फोटो नसले तरी चालतील, मला तेवढं सासरी न्यायचंय. मी म्हणालो, झालं समज.

२६ जानेवारी
किशोरीच्या भावाने, परेशने, हळदीसाठीही व्हिडिओवाला ठरवला होता. मी फोन करून त्याला रद्द केलं. लग्नाला ये म्हटलं, हळद घरची आहे, घरचा माणूस बघेल. परेश म्हणाला, भाओजी, एक जादा असलेला बरा. मी म्हणालो, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. किशोरी म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं असं व्हायला नको. या बहीणभावाला माझ्याविरुद्ध एकत्र यायला काहीही पुरतं.

सी-फोर अजून रिकामं आहे. विचार चालू.

२ फेब्रुवारी, सकाळी
वडाळे तलावावर सराव. रेकॉर्डिंग चालू असताना मेन मेनू उघडायला गेलो, तर उघडत नाही. स्क्रीनवर लिहून येतं की रेकॉर्डिंग चालू आहे, आता नाही. म्हणजे ऐन कामात माणसाला काही बदलता येऊ नये. कंपनीला पत्र लिहिणार.

एका आजोबांनी विचारलं, पक्षी काढता का? म्हटलं, सध्या बटणं लावतोय. ते बराच वेळ थांबले, मग निघून गेले. लोकांत संयम उरलेला नाही.

९ फेब्रुवारी
डोळा पकडणारा फोकस सी-फोरवर घेतला. समोर डोळा दिसला की कॅमेरा आपोआप त्याला धरतो. किशोरीवर करून बघायचं होतं, ती तयार होईना. शेवटी ताटातल्या बांगड्यावर केला. लगेच पकडला. डोकं कुठल्याही बाजूने फिरवा, सोडायला तयार नाही. इतका आनंद झाला की बांगडा गार होऊन गेला.

किशोरीने आमटी वाढताना विचारलं, हळदीच्या दिवशी भाविकाकडे बघणार आहात ना? म्हटलं, दुसरं काय करणार आहे मी?

१६ फेब्रुवारी
शेवटचा हात फिरवला. स्क्रीनवर आकडे, खुणा, बॅटरी, लाल ठिपका अशी नुसती जत्रा भरलेली असते. सगळं बंद करून टाकलं. आता स्क्रीनवर फक्त चित्र. रेकॉर्डिंग सुरू होताना वाजणारी शिट्टीही बंद, आत्याच्या आवाजात ती नको. आता कॅमेरा चालू आहे की बंद हे मी सोडून जगात कुणालाही कळणार नाही.

परेशने विचारलं, भाओजी, मग तुम्हाला कसं कळणार? म्हटलं, अनुभवाने.

२२ फेब्रुवारी, सकाळी ७
आज हळद. कॅमेरा गळ्यात. बॅटऱ्या दोन. पट्टा जरा लांब झालाय, कॅमेरा बरोबर पोटावर येऊन टेकतो. बरंच आहे, आधार मिळतो. निश्चय: घाई नाही, ऑटो नाही, माघार नाही.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळी
डीजे सुरू झालाय. माडीवर येऊन लिहितोय, पेन हादरतंय. पण आजचं आजच लिहायला हवं. जिंकलो.

चार वाजता विधी सुरू झाला. नवऱ्याकडून उष्टी हळद घेऊन बायका आल्या. भाविका पाटावर बसली. आत्या हिरव्या लुगड्यात, नथ घालून, भिंतीला टेकून. तेवढ्यात बघतो तर आमच्या सगळ्या पोरीबाळी मोबाईल वर करून उभ्या. माझ्या चौकटीत नुसते हातच येणार! मी खड्या आवाजात सांगितलं, मोबाईल खाली, एकही मोबाईल दिसता कामा नये, मी आहे. आमच्या बाजूच्या सगळ्यांनी खाली केले. कादंबरी, माझी पुतणी, कुरकुरत होती, तिचा काढूनच घेतला. नवऱ्याच्या शांतीमावशी, उरणच्या, त्यांचा तेवढा वरच राहिला. वरपक्षाला कोण बोलणार?

आत्याने घसा साफ केला. मी चंद्रकोरीच्या जागी, म्हणजे सी-थ्रीवर, अंगठा दाबला. अजिबात चुकलो नाही. आत्या गायला लागली.

मग एक अडचण आली. मांडवाचं कापड हिरवं, त्यामुळे स्क्रीनवर हळद हिरवी दिसायला लागली. अडाणी माणसाने तशीच राहू दिली असती. मी सी-टू दाबलं, पटेना, एफएन बटणाचा छोटा मेनू उघडला, तिथे नव्हतं, मग मेन मेनूत शिरलो. आणि काय सांगू, आज मेन मेनू उघडला! रेकॉर्डिंग चालू असतानाही, सगळा, शेवटच्या पानापर्यंत. एवढ्या दिवसांत कॅमेऱ्याला माझा हात कळला असणार.

मध्ये कुणीतरी मला हाक मारली. बापाने हळद लावायची होती. एक मिनिट म्हटलं. रंग शेवटी अचूक लागला, तेव्हा आत्याचं गाणं नुकतंच संपत होतं. सी-थ्री दाबून थांबवलं. किशोरीचे डोळे भरले होते. धवला ऐकून, दुसरं काय.

२४ फेब्रुवारी
लग्न काल पार पडलं. भाविका उरणला गेली. घर मोठं वाटतंय. सकाळपासून दोनदा तिच्या खोलीचा पंखा बंद करायला गेलो, तो बंदच होता.

दुपारी कार्ड लावलं.

पहिली क्लिप: मांडवातले पाय. खूप वेळ पायच. माझ्या श्वासाचा आवाज. मी ओरडतोय, मोबाईल खाली. कादंबरी म्हणते, काका, प्लीज. मी म्हणतो, मी आहे ना. मग कॅमेरा वर उचलला जातो, मांडव, भाविका, आत्या. आत्या खाकरते, खोल श्वास घेते. क्लिप संपते.

दुसरी क्लिप: बायका पाटावरून उठताना पदर सावरतायत. आत्या म्हणते, झाला बाय, पानी दे मना. मग पुन्हा पाय.

मध्ये काही नाही. परत परत बघितलं.

२४ फेब्रुवारी, नंतर
तपास पूर्ण. दोष पोटाचा. कॅमेरा पोटावर टेकला, सी-थ्री मागच्या बाजूला, पोटाने ते आधीच दाबून ठेवलं. मी दाबलं तेव्हा सुरू होण्याऐवजी बंद झालं. माझा अंगठा बरोबरच होता. हा कॅमेरा बनवणाऱ्यांना पोटं नसावीत.

किशोरीने विचारलं, निघाला का धवला? म्हटलं, एडिटिंग चालू आहे.

२५ फेब्रुवारी
गावी जाऊन आलो. आत्याला म्हटलं, आवाज थोडा कमी आलाय, पुन्हा एकदा म्हणतेस का, मी बटणं नीट लावून आणलीयत. आत्या खाटेवर पडली होती. म्हणाली, कमल्या, नवरी नाय, हलद नाय, कोनासाठी गाऊ? ता गाना नाय, ता काम हाय. झाला ता झाला. मी आग्रह केला. तिने दोन ओळी म्हणून बघितल्या, धाप लागली, खोकत राहिली. मी कॅमेरा खाली ठेवून पाठ चोळत बसलो.

निघताना म्हणाली, तू व्हतास ना समोर? आयकलास ना? मंग बस.

हो म्हणालो.

बसमध्ये आठवायचा प्रयत्न केला. एकही ओळ आठवली नाही. मेनू आठवतो. कोणत्या पानावर काय, सगळं आठवतं.

२७ फेब्रुवारी
भाविकाचा फोन आला, तेव्हा सांगून टाकायचं ठरवलं होतं. पहिलं वाक्यही तयार होतं, त्यात पोटाचा उल्लेख होता. तिने बोलूच दिलं नाही. म्हणाली, बाबा, ग्रुपवर बघा, शांतीमावशींनी टाकलंय.

बघितलं. शांतीमावशींचा फोन. आडवा धरावा की उभा, याचा मध्येच विचार बदललेला. काचेवर बोटाचा डाग. फोकसचा पत्ता नाही. उजवा अर्धा भाग माझ्या पाठीने खाल्लेला. पण आत्याचा धवला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत आहे, धापेसकट. ऐकायला फार सुंदर आहे. मी तो आज पहिल्यांदा ऐकला.

अर्ध्यावर आत्या गाता गाता माझ्याकडे हात करते. किशोरी मला हाक मारते. भाविका गाल पुढे करून माझ्याकडे बघते. मी मान वर न करता एक बोट दाखवतो. ती तशीच गाल पुढे करून बसून राहते, हसत. पुन्हा बघते. मग हसू जातं. परेश येतो, मामाच्या हाताने हळद लागते, आणि तेव्हासुद्धा ती माझ्याच दिशेने बघत असते. माझी मान खालीच.

किशोरी शेजारी बसून बघत होती. बोलली असती तर बरं झालं असतं, उत्तर तयार होतं. मग उठून आत गेली आणि मी रडलो. ही वही कुणी वाचत नाही म्हणून लिहितोय.

डोळे पुसून पुन्हा नीट बघितलं. एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो. शांतीमावशींच्या व्हिडिओत हळद साफ हिरवी आलीय. मी तेव्हाच म्हणत होतो, पण ऐकतंय कोण.