उपवासाची निळी बशी

टण्ण! तुझ्या आबांनी बशीला नखानं मारलेली ती टिचकी साठ वर्षांनी सकाळपासून कानात वाजते आहे. म्हणून, गड्या लालासाहेब, हे पत्र. गुडघा कसा आहे? अंजनावहिनींना नमस्कार. मी बरा आहे, फक्त एका जागी बसवत नाही.

चौथीतली कविता मी न अडखळता म्हटली म्हणून आबांनी पलटणीच्या मेसमधून आणलेली ती बशी मला बक्षीस दिली. नदीवर झुकलेलं झाड, पुलावर तीन माणसं, वर दोन पाखरं. कवितेतलं गाव ते हेच, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं (गुरुजी ते गाव म्हणजे वाई म्हणायचे, पण बशीतली शिंगं फुटलेल्या छपरांची देवळं वाईत मला अजून सापडायची आहेत).

परवा सूनबाईनं, दीपालीनं, बशी पालथी करून मागच्या 'बोन चायना' या इंग्रजी अक्षरांवर मोबाइल धरला. मोबाइल म्हणाला, चित्र चिनी, पण काढलं विलायतेत, चीन न पाहिलेल्या माणसानं. त्याचं मला काही नाही (कवींनी तरी कुठं सगळी गावं पाहिलेली असतात!). पण या मातीत म्हणे बैलाच्या हाडांची राख असते. आमच्या जैनाघरी! "मामंजी, साठ वर्सं हाडावर उपास सोडलासा!" रविवारी मुनिमहाराजांच्या आहारासाठी स्वयंपाकघर शुद्ध करायचंय, त्याआधी बशी घराबाहेर, नाहीतर कृष्णेत.

तेव्हापासून बशीसकट फिरतोय. पुस्तकांमागं लपवली, तिथं झाडू आला. काल टॉवेलात गुंडाळून, स्कूटरच्या डिकीतून तासगावला, आपल्या नाथाजीच्या बेदाणा शेडवर निघालो. प्रत्येक गतिरोधकाला उतरून पाखरं मोजली. (दोनच आहेत, तरी मोजली.) नाथाजी खूश. "ठेवा की अण्णा, गिऱ्हाइकाला नमुना दावायला लय झ्याक हाय!" व्यापाऱ्यांची चिकट बोटं माझ्या पुलावर! परत घेऊन आलो.

तुझा,
भरतेश

ता. क. बशीचा मोह आता मला राहिलेला नाही.

ता. क. वरचं खोटं आहे. तुमच्यात मटण शिजतं, तिथं हाडाच्या बशीला कोण बोलणार? तुझ्या कपाटात ठेवशील? महिन्यातून एकदा तुझ्या गुडघ्याची चौकशी करायला येत जाईन.

ता. क. थांब, बेल वाजली. अरे, दारात अंजनावहिनी! काखेत बोचकं, त्यात आबांच्या उरलेल्या पाच निळ्या बशा. तू माळ घालून मटण सोडलंस आणि मला पत्ताही नाही? वहिनी दीपालीच्या हातात बोचकं देऊन सांगताहेत, "मटणाच्या बशा आता घरात नगंत म्हणत्यात हे. म्हटलं, तुमच्यावानी शुद्ध घर दुसरं कुठलं गं बाई?"