दोन टोप्या आणि एक विशेषण

६ ऑगस्ट १९४८, औंढा
आजपासून रोज एक इंग्रजी शब्द पाठ करायचा, वापरायचाही. शाळेत इंग्रजीचा मास्तर मी एकटाच, शोभायला हवं. आजचा शब्द : ड्युप्लिसिटस. तोंडावर एक, पाठीमागं दुसरं असा लबाड. वा! आमच्या शाळेच्या कारकुनाला, उत्तमरावाला तर अगदी मापून शिवलेला. सगळ्या गावाशी गोड बोलतो तो.

७ ऑगस्ट
बायकोला, सुमनला, अर्थ समजावला. ती खुंटीवरच्या, निजामाच्या नोकरीत घालायच्या माझ्या लाल रुमी टोपीकडं बघत राहिली. तिला इंग्रजीचं काय कळणार!

१० ऑगस्ट
शेजारच्या अजीज टेलरकडून पांढरी गांधी टोपी शिवून घेतली. बिचाऱ्यानं दुकान बंद करून आत शिवली. रझाकारांना कळतं तर त्याची धडगत नव्हती. टोपी ट्रंकेत, लुगड्यांखाली. लाल नोकरीसाठी, पांढरी देशासाठी. याला दूरदृष्टी म्हणतात. अजीजला वचन दिलं, तुझ्यावर वेळ आली तर पहिला मी उभा राहीन.

२२ ऑगस्ट
रझाकार माझी चौकशी करत आले. अजीज आडवा गेला. मास्तर सीधा आदमी है, म्हणाला. परत गेले. मी तेव्हा आतल्या खोलीत जोंधळ्याची पोती नीट लावत होतो.

१९ सप्टेंबर
फौज आली, निजामी संपली! लाल टोपी चुलीत. धूर फार झाला. पांढरी घालून मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं. उत्तमराव मागं कुठंतरी. ड्युप्लिसिटस!

२७ सप्टेंबर
अजीजला ठाण्यात नेलं. रझाकारांचे कपडे शिवायचा म्हणे. शिंपी सगळ्यांचेच शिवतो. त्याची बायको मदीनाबी रडत आली. मास्तर, तुमी साहेबाला एक लफ्ज बोला, तुमचं ऐकतील, म्हणाली. उद्या सकाळीच जातो म्हटलं.

३० सप्टेंबर
पोट बिघडल्यामुळं उशीर. आज गेलो. नवे साहेब इंग्रजीतूनच बोलतात. हा माणूस कसा आहे, विचारलं. चांगला म्हणणारच होतो. तेवढ्यात साहेबांनी विचारलं, तुम्ही याचे दोस्त का? तोंडातून निघून गेलं : ही इज ड्युप्लिसिटस, सर. साहेबांनी माझ्या इंग्रजीची तारीफ केली. बाकावर बसलेल्या अजीजला त्यातलं काही कळलं नाही. त्यानं मला हात जोडले.
मदीनाबीला सांगितलं, बोललो.

१ ऑक्टोबर
जेवण गेलं नाही. साहेबांनी खोदून विचारलं असतं तर बाजू मांडलीच असती. उद्या जाऊन नक्की दुरुस्त करतो.

२ ऑक्टोबर
पोट.

५ ऑक्टोबर
अजीज सुटला. उत्तमराव रोज ठाण्यात जाऊन बसायचा, शेवटी तोच जामीन राहिला.
संध्याकाळी अजीज घरी आला. म्हणाला, उत्तमरावनं लई तकलीफ घेतली, पन तुमी इंग्रजीत बोलले मनून साहेब मानले, मास्तर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्याला वाटलं आनंदाचं. लाजेनं मेल्यासारखं झालं.
उरलेल्या कापडाची आणखी एक पांढरी टोपी त्यानं आणली होती. स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यावर घातली. माप घेतलं नव्हतं, तरी बरोबर बसली.