राहिलेले दोन स्क्रू

प्रिय बारक्या,

पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळं ठीक आहे, म्हणजे मी ठीक आहे. घरी आता दुसरं आहे कोण? तू फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून तसेच ठेवतोस, म्हणून शेवटी कागद घेतला. पत्ता तुझ्या शाळेतल्या त्या लंब्या मित्राकडून मिळवला. त्याला रागावू नकोस. सांगेपर्यंत मी त्याच्या दारातून हललेच नाही.

दादांच्या खुनाचा खटला उभा राहिलाय हे तुझ्या कानावर आलंच असेल. त्या फोटो स्टुडिओवाल्याचा वकील सांगतो की आपल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बोलाचाली झाली, दादांचा पाय घसरला, आणि सामानाचा रॅक त्यांच्या अंगावर कोसळला. शटर अर्धं खाली होतं. आरडाओरडा सगळ्या गल्लीने ऐकला, मारताना मात्र कोणी पाहिलं नाही. शेजारच्या शिंप्याने त्याला ट्रायपॉड घेऊन आत जाताना पाहिलं, पण फोटोवाल्याच्या हातात ट्रायपॉड असणारच, आणि तो ट्रायपॉड नंतर कुठे सापडलाही नाही. आपल्या सरकारी वकीलबाई आडपडदा ठेवत नाहीत. म्हणाल्या, 'मावशी, डोळ्यांनी पाहिलेला माणूस नसेल तर हा सुटेल. मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही.'

पूर्वी मी लायब्ररीतून खुनाच्या गोष्टी आणायचे, आठवतं? दादा चिडवायचे, 'आज कुणाला मारलंस?' आता ती पुस्तकं हातात धरवत नाहीत. पहिल्याच पानावर माणूस मरतो आणि शेवटपर्यंत त्याच्यासाठी कोणी रडत नाही. सगळे आपापली हुशारी दाखवत हिंडतात. त्याऐवजी मी दादांच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचला. शब्दकोश शेजारी ठेवून, एकेक शब्द काढून. कवटी कुठे कुठे फुटली ते वाचलं. डाव्या हाताची दोन्ही हाडं मोडली होती. हात वर धरला असणार डोक्यावर. त्याच हातावरून हात फिरवून मी इतकी वर्षं त्यांना उठवायचे.

पोलिसांनी किल्ली परत दिली तेव्हा दुकान उघडायला एकटीच गेले. काउंटरवरच्या कीबोर्डात रक्त मुरून बटणं घट्ट बसली होती. स्क्रीन सगळे फोडलेले, म्हणजे माणसाचं झाल्यावरही त्याचा हात थांबला नव्हता. भिंतीवर शिंतोड्यांची एक ओळ वर वर गेलेली, थेट छतापर्यंत. मी स्टूल घेऊन चढले आणि फडकं लावायच्या आधी बराच वेळ नुसती बघत राहिले. रॅक पडला तर रक्त छताला कसं लागेल, तूच सांग. ते सगळं मी घासून काढलं. बादलीतलं पाणी ओतलं आणि पुन्हा बादली भरली.

दुकान चालवायचं ठरवलंय. हसू नकोस. शिंपी हसला, म्हणाला, 'वहिनी, मग माझंही मशीन बघा, धागा तोडतंय.' मी म्हटलं, तुमचं मशीन धागा तोडत नाही, तुम्हीच कंजूसपणाने जुना धागा वापरता. काउंटरमागे बसून बसून मी किती बघितलंय ते तुम्हा दोघांना कधी कळलंच नाही. शिवाय मशीनबरोबर येणारी माहितीपुस्तकं तुम्ही फेकून द्यायचात, मी घरी आणून वाचायचे.

शिंप्याने आणखीही एक सांगितलं. भांडणाच्या सुरुवातीला दादांचा आवाज त्याला स्वच्छ ऐकू आला होता. स्टुडिओवाल्याचं कॉम्प्युटरचं मशीन तापून तापून बंद पडत होतं, त्याचं मोठं काम त्यातच गेलं होतं. दादांनी त्याच्यासमोर मशीन उघडलं, प्रोसेसर थंड ठेवणारा तो धातूचा ठोकळा, हीटसिंक, उचलला आणि म्हणाले, 'खालची फिल्म काढायची मी विसरलो. माझी चूक. बसा, आत्ता करून देतो.' नव्या हीटसिंकच्या तळाला ती पातळ पारदर्शक फिल्म असते ना, तीच. ती राहिली की उष्णता वर जातच नाही. बारक्या, दादा छत्री विसरायचे, गोळ्या विसरायचे, एकदा तर मला बसस्टॉपवर विसरून घरी आले. पण फिल्म विसरणारा माणूस तो नव्हता. आणि ते मशीन त्यांनी बसवलंच नव्हतं.

तू पोलिसांना सांगितलंस की सकाळपासून तू पार्ट आणायला गेला होतास. मी ते मानलं. तुझं तोंड इतकं उतरलं होतं की काही विचारावंसंच वाटलं नाही.

मग दवाखान्यातला कंपाउंडर आला, त्यांच्या मशीनची चौकशी करायला. म्हणाला, 'त्याच दिवशी दुपारी दिलं होतं हो. मी बाहेर पडलो तेव्हा तो स्टुडिओवाला गाडी लावत होता.' मी मागच्या खोलीत शोधलं. मशीन टेबलावरच होतं, उघडं. नवा हीटसिंक बसवायला घेतलेला. समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन स्क्रू लावलेले, उरलेले दोन वाटीत. म्हणजे स्टुडिओवाला दुकानात शिरल्यानंतर मागे कोणीतरी जुना हीटसिंक काढला, प्रोसेसर पुसला, उष्णता वर नेणारी पेस्ट लावली आणि दोन स्क्रू आवळले.

मी ते दोन स्क्रू सैल केले, हीटसिंक थोडा डावीउजवीकडे फिरवून अलगद उचलला. ओढला नाही, ओढला तर खालचा प्रोसेसरही उपटून येतो, हे दादांनी तुला किती वेळा ओरडून सांगितलं होतं. खाली पेस्ट दिसली. दादा मधोमध वाटाण्याएवढा ठिपका द्यायचे आणि म्हणायचे, दाब आपोआप पसरवतो, आपण लुडबुड करायची नाही. इथे ठिपका नव्हता. इथे फुली होती. दाबलेली, पण फुलीच. 'हा मास्तर बघ, प्रोसेसरला चूक देतोय,' असं म्हणून ते तुला ज्या फुलीवरून छळायचे, ती.

मी खुर्चीत बसले. टेबलाखाली स्क्रू-ड्रायव्हर पडला होता, टोक मोडलेला. स्क्रू खोलताना फार तर स्क्रूची खाच झिजते, ड्रायव्हरचं टोक असं तुटत नाही, ते काहीतरी उचकटतानाच तुटतं. म्हणून मी दाराकडे बघितलं. आतल्या बाजूने वरच्या बिजागरीचे स्क्रू निघालेले होते, खालच्या बिजागरीभोवती लाकूड टोकरून टोकरून सोललेलं, आणि खिडकीची जाळी बोळाच्या बाजूला लाथाडून उखडलेली. मी पळत शिंप्याकडे गेले. त्याला विचारलं, तुम्ही दादांसाठी मागच्या खोलीतून पाणी आणलंत ना, तेव्हा दार कसं होतं? तो म्हणाला, 'बाहेरून कडी होती वहिनी. मी काढली. का हो?'

दादांनी तुला कोंडलं होतं. तो माणूस ट्रायपॉड घेऊन आत आला तेव्हाच त्यांनी कडी घातली आणि तुझी चूक स्वतःच्या नावावर घेतली. ते मार खात होते आणि तू दारापलीकडे बिजागऱ्या खोलत होतास. स्क्रू-ड्रायव्हर मोडेपर्यंत. मग दाराच्या फटीतून काय बघितलंस, आणि आवाज थांबल्यावर खिडकीची जाळी लाथेने तोडून मागच्या बोळात उडी मारून कुठे पळालास, ते तुझं तुलाच ठाऊक. फट माझ्या बोटाएवढी आहे. मी तिला डोळा लावला. काउंटर सगळा दिसतो.

गेल्या तारखेला मी पिशवीत तांब्याचा जुना हीटसिंक घालून कोर्टात गेले. मोठा, दोन्ही हातांनी उचलावा असा. दारावरच्या शिपायाने विचारलं, 'हे काय आजी?' मी म्हटलं, कॉम्प्युटरचा भाग आहे, बदलून आणायचाय. त्याने सोडलं. स्टुडिओवाला बाकावर माझ्याकडे पाठ करून बसला होता. दाढी नीट केलेली, मानेवर पावडर. मी त्याच्या मागे उभी राहिले आणि कुठे मारायचं ते ठरवलं, कारण अहवालात मी ते वाचलं होतं. पिशवीचे बंद हाताला गुंडाळले. तेवढ्यात त्याच्या शेजारी बसलेल्या म्हातारीने वळून बघितलं, सरकून जागा केली आणि म्हणाली, 'बसा ना बाई, किती वेळ उभ्या राहाल?' त्याची आई. मी कोण ते तिला माहीत नव्हतं. मी बसले. पिशवी मांडीवर घेऊन, त्या माणसाच्या आईला खेटून बसले. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. पुकारा झाला, पुढची तारीख पडली, आणि मी तिथून सरळ वकीलबाईंच्या खोलीत गेले.

कंपाउंडरचं मशीन मी पुरं केलं. वायर काढली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवली, तुझी फुली स्पिरिटने पुसली. मधोमध ठिपका दिला. तळाची फिल्म निघाली आहे ना ते उजेडात धरून बघितलं. हीटसिंक सरळ खाली ठेवला आणि चारही स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतून थोडे थोडे आवळले, कुठल्याही एका कोपऱ्यावर सगळा जोर न टाकता. पंख्याची वायर लावली. चालू केलं. तापलं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. मी वकीलबाईंना सगळं सांगितलं आहे. त्या तपास अधिकाऱ्याला घेऊन आल्या. दार, बिजागरी, जाळी, फट, सगळ्यांचे फोटो निघाले, आणि साक्षीदार म्हणून तुझं नाव कोर्टात गेलं. समन्स निघालं आहे, या आठवड्यात तुझ्या दाराशी पोलीस येईल. तुला विचारून हे केलं नाही. विचारलं असतं तर तू तिथूनही पळाला असतास, आणि मला दोघांनाही गमवायचं नाहीये. त्याचा वकील उभ्या कोर्टात फिल्मबद्दल विचारील, तुला लाज वाटेल असं विचारील. तू खरं ते सांग. फिल्म राहिली म्हणून माणसाने माणसाला मारायचं नसतं, हे मी तिथे तुझ्या समोरच्याच बाकावर बसून ऐकणार आहे, आणि पिशवी घरी ठेवून येणार आहे. पोलीस येण्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडावं, एवढ्याचसाठी लिहिलं. कुणा परक्याच्या तोंडून तुला हे कळायला नको. तारखेच्या आदल्या दिवशी ये. मधल्या खोलीत तुझं अंथरूण घालून ठेवते.

तुला त्या दारापलीकडे आणखी एक दिवसही ठेवायचं नाही, असं ठरवलेली,
तुझीच,
वहिनी