आधी तपासणी, मग ट्रम्पेट

४ फेब्रुवारी

चि. खारुटीस, अनेक आशीर्वाद.

अगं, बँडमध्ये मला पहिल्या ट्रम्पेटची खुर्ची मिळाली! इतकी वर्षं मागच्या रांगेतून लोकांच्या माना बघत वाजवलं. आता नव्या सभागृहाच्या उद्घाटनाला सुरुवातीचे सूर माझे! मामी म्हणते, माझे पाय जमिनीला लागत नाहीत.

दुर्बिणीची तपासणी मात्र पुन्हा पुढे ढकलली. तालमी आहेत ना. तसंही आतडं सध्या गुणी बाळासारखं वागतंय. रक्त नाही, कळा नाहीत. कशाला डिवचायचं? तुझ्या पोटाचं काय म्हणणं?

तुझा, सध्या हवेत असलेला,
मामा

११ फेब्रुवारी

ती. मामास, सा. न.

अभिनंदन! पत्र वाचून दुकानात अशी ओरडले की गिऱ्हाईक चष्मा न घेताच उठलं.

आता कान इकडे कर. आपल्या दोघांनाही कोलायटिस, म्हणून हक्कानं बोलते. माझ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, मोठ्या आतड्याला वर्षानुवर्षं सूज राहिली की तिथे कॅन्सरचा धोका वाढतो, आणि सुरुवातीला तो अगदी गप्प असतो. म्हणून त्रास नसतानाही आत बघायचं. तुझं दुखणं तर माझ्या जन्माआधीचं! मी मामीला फोन केला आणि तिनं तारीख घेतलीसुद्धा. तू फक्त पोट साफ करायचं औषध प्यायचं आणि मुकाट्यानं जायचं.

रागावलास तरी माया आटवू नकोस.
तुझी छळवादी भाची

२ मार्च

चि. खारुटीस, आशीर्वाद.

सापडलं गं. दिसायला नुसता चपटा डाग, पण तुकडा तपासला तर कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, स्कॅनमध्ये बाहेर कुठे पसरलेला दिसत नाही, वेळेवर आलात. पण बाकीच्या आतड्यातही पेशी बिघडायला लागल्यात, म्हणून मोठं आतडं सगळंच काढायचं. शौचासाठी पोटावर कायमची पिशवी येणार.

मी आधी ट्रम्पेटचं विचारलं. वाजवताना पोटावर जोर येतो, तेव्हा जखम पक्की भरेपर्यंत हात लावायचा नाही. मग पट्टा बांधून हळूहळू. म्हणजे वाजवता येईल! पहिली खुर्ची सोडली. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसलो, तुला खोटं कशाला सांगू. मामी शेजारी येऊन बसली.

आठवण काढत जा.
मामा

२० सप्टेंबर

चि. खारुटीस, पोटभर आशीर्वाद.

वाजवलं! काल तालमीला गेलो, मागच्या रांगेत, पट्टा आवळून. ऑपरेशनमध्ये आतड्यासोबत काढलेल्या लसिकाग्रंथींत कॅन्सर निघाला नव्हता, केमोही लागली नाही, पण भीती होती ती फुंकरीची. संचालकांनी सगळ्यांना थांबवून मला एकट्याला सूर धरायला सांगितलं. सगळे चिडीचूप, आणि नेमकी माझी पिशवी गुडगुडली! संचालकांनी खर्जातला ट्युबा वाजवणाऱ्याकडे डोळे वटारले. तो बिचारा शपथा घ्यायला लागला. शेवटी मीच कबूल केलं की ते माझं नवं वाद्य आहे. असा हशा पिकला की मलाही ट्रम्पेट खाली ठेवावा लागला.

मग वाजवलं. वरचा सूर फाटला. मधला मात्र लागला, लांबला, आणि मी त्याच्या मागे मागे गेलो. दाराशी उभी असलेली मामी रडता रडता टाळ्या वाजवत होती, तेही चुकीच्या तालात.

तुझाही रिपोर्ट स्वच्छ आल्याचं तिनं सांगितलं. आता दोघांनीही तपासणीची तारीख चुकवायची नाही.

लोभ आहेच, धाकही असू दे.
तुझा मामा