रिकामी किटली

प्रिय आप्पा,

तुम्हाला जाऊन चार वर्षं झाली. आज सकाळी आईच्या हातात तुमची दुधाची किटली पाहिली आणि लिहायला बसले. गेल्या महिन्यात तिच्याही हृदयात स्टेंट बसवला. डॉक्टर म्हणाले, रोज चालायचं.

तुम्हालाही हेच सांगितलं होतं ना? पण गावात कामाशिवाय चालणारा म्हणजे रिकामटेकडा. म्हणून म्हैस आटली होती तरी तुम्ही किटली घेऊन कालव्यापर्यंत जायचात. फौजेतली ती ताठ चाल!

एकदा मी सोबत होते. डेअरीच्या कट्ट्यावरून कुणीतरी विचारलं, "फौजी, कुनाकडं रतीब घालताय?" आणि मी सांगून टाकलं, "किटली रिकामी आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय." कट्टा काय हसला! "डाक्टरनं फौजीला लेफ्ट-राइट लावलं म्हनायचं!"

दुसऱ्या दिवशी किटली खुंटीवर गेली. "छातीत धडधडतंय," म्हणालात. मी घाबरून म्हटलं, "मग राहू द्या." ती धडधड होती की लाज, मी विचारलंच नाही. तुम्ही चालत राहिला असतात तर? आजही हा प्रश्न मला सोडत नाही.

पाटीवर पहिलं वाक्य तुम्हीच गिरवून घेतलंत, 'खरे बोलावे'. पण कुणाचं खरं कुणी सांगायचं, हे का नाही शिकवलंत?

आई तीन दिवस चालली, चौथ्या दिवशी खाडा. मी कॅलेंडरवर फुली मारली, तशी म्हणाली, "मोडलं ते मोडलं. आन् रिकामं हिंडायची लाज वाटती गं." मी फुली खोडली आणि खुंटीवरची किटली काढून तिच्या हातात दिली.

आज कट्ट्यावरून तोच प्रश्न आला. मी ओठ घट्ट मिटले. आई थांबली.

"कुनाकडंच न्हाई, रिकामीच हाय. काळीज चालू ठिवायला निघालोय. तुमचं बी प्वाट सुटलंय, येताय का?"

कट्टा हसला. पण कट्ट्यावरचे एक आण्णा खरंच चपला शोधायला लागले!

आप्पा, वचन देते. खाडा पडला तर एक शब्द बोलणार नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच किटली घासून उंबऱ्यावर ठेवीन आणि आई ती उचलेपर्यंत चपला घालून उभी राहीन.

तुमची,
राणी